गॅस भरला आणि कॉम्प्रेसर खडखडला: लिक्विड चार्जिंगनंतरची पहिली स्टार्ट

मार्च संपला की मुंबईत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. एसीत गॅस भरून घेतला, दोन-चार दिवस मस्त थंड झालं आणि मग कॉम्प्रेसर बसला. किंवा मेकॅनिक खिडकीशी उभा असतानाच, स्विच दाबल्या दाबल्या आउटडोरमधून खडखड आली आणि एमसीबी पडली. ग्राहक म्हणतो, मेकॅनिकने वाट लावली. मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसर आधीच थकला होता. या भांडणात गॅस भरल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाकडे कुणाचंच लक्ष जात नाही. उभ्या बाटलीतून वाफ येते, उलटीतून लिक्विड. बाटली उलटी करून लिक्विड भरण्यात काही गैर नाही, काही गॅसना तर त्याशिवाय इलाजच नाही. घात होतो तो ते लिक्विड कॉम्प्रेसरच्या तोंडाशी उभं असताना स्टार्ट दिल्याने.

हे मुख्यतः आमच्या लाइनमधल्या पोरांसाठी लिहितोय. घरमालकांनी वाचलं तरी हरकत नाही. निदान मेकॅनिक "अर्धा तास थांबू या" म्हणाला तर तो वेळकाढूपणा करतोय असं वाटणार नाही.

आत काय होतं

कॉम्प्रेसर वाफ दाबायला बनवलेला असतो. लिक्विड दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये वाफेच्या जागी लिक्विड शिरलं की पिस्टनला किंवा रोलरला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि तो सगळा जोर व्हॉल्व्हच्या पातळ पात्यावर, रॉडवर, शाफ्टवर येतो. पातं तुटलं की मशीन चालतं पण पंप करत नाही, सक्शन (वाफ आत घेणारी बाजू) आणि डिस्चार्ज (दाबून बाहेर सोडणारी बाजू) यांचे दाब दाखवणारे काटे एकमेकांच्या जवळ येऊन बसतात.

हा झाला आवाज करणारा मार. दुसरा मार गुपचूप बसतो, आणि माझ्या मते जास्त कॉम्प्रेसर त्यानेच जातात. तळाशी साठलेल्या ऑइलमध्ये लिक्विड विरघळतं. स्टार्ट दिल्यावर सक्शनचा दाब एकदम खाली येतो, ऑइलमधलं लिक्विड उसळून उकळतं, फेस होतो आणि त्या फेसाबरोबर ऑइल पाइपात निघून जातं. उरलेलं ऑइल इतकं पातळ झालेलं असतं की बेअरिंगवर थर धरत नाही. कॉम्प्रेसर त्या दिवशी चालतो, दुसऱ्या दिवशीही चालतो. खरचटलेलं बेअरिंग नंतर बोलतं, आणि तोवर कुणाला गॅस भरल्याची आठवणही नसते.

कॉम्प्रेसरच्या जातीनुसार थोडा फरक पडतो. घरच्या स्प्लिटमध्ये बहुधा रोटरी असतो. त्यात सक्शनचा पाइप बाजूच्या छोट्या डब्यातून, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमधून, थेट सिलिंडरात जातो. मध्ये दुसरा आडोसा नाही. त्या डब्याच्या आतल्या उभ्या नळीला तळाशी बारीक भोक असतं, त्यातून ऑइल आणि थोडं थोडं लिक्विड परत जातं. डबा काठोकाठ भरला की लिक्विड नळीच्या तोंडातूनच आत कोसळतं. ऑफिसातल्या डक्टेबल (डक्टमधून गार हवा पोचवणाऱ्या) मशीनमधला स्क्रोल बहुतेक वेळा सक्शनच्या दाबावरच्या शेलमध्ये बसलेला असतो, म्हणून लिक्विड आधी शेलच्या तळाशी ऑइलमध्ये पडतं. स्क्रोल थोडंफार लिक्विड सहन करतो हे खरं, पण ऑइल धुऊन निघालं तर त्यालाही वाली नाही.

बाटली उलटी का करायची

आर-२२ च्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. एकच गॅस, बाटली उभी, वरून वाफ, सक्शनमधून सावकाश. मग दोन-तीन गॅसांची मिश्रणं आली आणि सवयी उलट्या झाल्या. आर-४०७सी मध्ये तीन गॅस आहेत: आर-३२ २३ टक्के, आर-१२५ २५ टक्के आणि आर-१३४ए ५२ टक्के. वाफ म्हणून काढलं तर पहिले दोन आधी निघून जातात आणि बाटलीत आर-१३४ए जास्त उरतं. मशीनमध्ये गेलेलंही चुकीचं आणि बाटलीत राहिलेलंही चुकीचं. आर-४१०ए मध्ये आर-३२ आणि आर-१२५ निम्मे निम्मे असतात आणि ते जवळपास एकत्रच उकळतात, तरी कंपन्या लिक्विडच भरायला सांगतात. आर-३२ आणि आर-२९० हे एकेकटे गॅस आहेत, त्यांना बाटली उलटी करायची सक्ती नाही. तरीही आमची पोरं करतात, कारण "दादा, उलटी केली की पटकन भरतं". पटकन भरतं हे खरंच आहे. पटकन सक्शनमध्ये भरतं.

स्प्लिटची खरी अडचण

पुस्तकात सोपं लिहिलेलं असतं: कॉम्प्रेसर बंद ठेवा, लिक्विड हाय साइडला, म्हणजे डिस्चार्जकडच्या जास्त दाबाच्या बाजूला, भरा, उरलेलं चालू मशीनवर सक्शनमधून हळूहळू द्या. जिथे लिक्विड लाइनला पोर्ट आहे तिथे हेच करा, दुसरा विचार नको. कंडेन्सरच्या बाजूला पडलेलं लिक्विड कॉम्प्रेसरच्या मागच्या दाराशी असतं, पुढच्या नाही.

पण घरगुती स्प्लिटला बहुतेक वेळा एकच सर्व्हिस पोर्ट असतो, आणि तो जाड पाइपाच्या व्हॉल्व्हवर. कूलिंगमध्ये तीच सक्शन. तिथून बंद मशीनमध्ये लिक्विड सोडलं की थोडं इनडोर कॉइलकडे जातं आणि थोडं थेट अ‍ॅक्युम्युलेटरकडे. आउटडोर खाली छज्ज्यावर आणि इनडोर वर असेल, जसं आपल्या इमारतींत सर्रास असतं, तर लिक्विड उताराने कुठे जाणार हे वेगळं सांगायला नको.

अशा वेळी मी काय करतो ते सांगतो. आधी पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम नीट, म्हणजे उरलेला दाब ५०० मायक्रॉनच्या खाली, आणि पंप बंद करून तो टिकतोय की नाही हे बघून. व्हॅक्यूम असताना कॉम्प्रेसरला चुकूनही सप्लाय द्यायचा नाही, आत टर्मिनलवर आर्क होऊन वाइंडिंग जातं. मग बाटली वजनकाट्यावर. पहिला थोडा गॅस वाफेच्या रूपात द्यायचा, म्हणजे उणा दाब भरून निघतो. लिक्विड एकदम व्हॅक्यूममध्ये पडलं तर ते शून्याच्या खूप खाली जाऊन उकळतं. मिश्रण असेल तर हा तेवढाच भाग वाफेने, आणि नेमप्लेटवरचं सगळं वजन पुढे त्याच मशीनमध्ये जाणार असेल तर त्याने फार बिघडत नाही.

त्यानंतर बाटली उलटी, पण मॅनिफोल्डचा (गेज आणि नळ्या जोडलेल्या पट्टीचा) व्हॉल्व्ह जेमतेम उघडा. नेमप्लेटवर जेवढं वजन असेल त्याच्या अर्ध्याच्या आसपास गेलं की बंद. बाकीचं चालू मशीनवर. बरेच जण बंद मशीनवरच सगळं वजन ढकलायचा हट्ट धरतात, मग दाब बरोबरीला येऊन गॅस जायचा थांबतो आणि बाटली गरम पाण्याच्या बादलीत जाते. त्या हट्टाचं कारण मला कळलेलं नाही.

आता थांबायचं. किती? छोट्या स्प्लिटला मी अर्धा तास धरतो आणि त्या वेळात पाइपांच्या जोडावरच्या फ्लेअर नटांना साबणाचं पाणी लावून गळती बघून घेतो. नुसतं थांबून मात्र भागत नाही, हे नीट समजून घ्या. लिक्विड जिथे सगळ्यात थंड जागा असेल तिथे जाऊन बसतं. मे महिन्यात आउटडोरवर ऊन असेल तर कॉम्प्रेसर गरम आणि खोलीतलं कॉइल गार, म्हणजे लिक्विड आपसूक आत जाईल. जुलैत भर पावसात आउटडोर भिजलेला असेल तर उलट: खोली उबदार, आउटडोर गार, आणि थांबाल तितकं लिक्विड कॉम्प्रेसरकडे येईल. पावसाळ्यात गॅस भरलेल्या मशीनच्या तक्रारी मला जास्त येतात त्यामागे हेच असावं.

म्हणून अ‍ॅक्युम्युलेटरवर आणि कॉम्प्रेसरच्या पोटावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरा. हाताला सोसेल इतकं गरम पुरे. आधी सप्लाय बंद आणि टर्मिनलचं झाकण लावलेलं, हे सांगायला नको. ब्लो-लॅम्प किंवा टॉर्च अजिबात नाही. आर-३२ सौम्य का होईना पण पेटणारा गॅस आहे आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेन. लिक्विड अजून आहे का, हे कळायची खूणही याच फडक्यात आहे. घरच्या गॅस सिलिंडरला ओलं फडकं फिरवून पातळी बघतात ना, तसंच: गरम फडकं काढल्यावर डब्याचा जो भाग लगेच गार पडतो तिथे लिक्विड उकळतंय. नुसता हात लावून बघू नका. भरल्यानंतर थोड्या वेळाने आतलं लिक्विड हवेच्याच तापमानाला येतं आणि हाताला काहीच कळत नाही.

गेजही इथे मदत करत नाही. बंद मशीनमध्ये लिक्विडचा एक थेंब असो की किलोभर, ३० अंशाला आर-४१०ए चा काटा साधारण २६० पीएसआयच (दाबाचं माप) दाखवणार आणि आर-२२ चा १५८ च्या आसपास. किती आहे आणि कुठे आहे, हे काट्याला माहीत नसतं.

स्टार्ट देताना इनडोरचा फॅन आधी पूर्ण वेगाने सुरू करा, मग कूलिंग. इन्व्हर्टर मशीन कमी वेगाने उठतं म्हणून त्यात धोका कमी, फिक्स्ड स्पीड मशीन मात्र पहिल्याच सेकंदाला पूर्ण वेग घेतं. अ‍ॅम्पियर मोजणारा क्लॅम्प मीटर वायरवर लावलेला हवा आणि एक हात स्विचवर. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड राहिली तर बंद. पुन्हा फडकं, पुन्हा थांबणं.

आवाज शांत आणि अ‍ॅम्पियर स्थिर झाले की उरलेला गॅस. मॅनिफोल्डचा व्हॉल्व्ह इतकाच उघडायचा की लिक्विड नळीतच वाफ होऊन जाईल. माझा हिशोब असा: सक्शनचा काटा चालत्या दाबापेक्षा १०-१५ पीएसआयहून जास्त उडाला तर मी घाई करतोय. थोडं द्या, बंद करा, काटा खाली येऊ द्या, परत द्या. शेवटी कॉम्प्रेसरचं पोट खालून कोमट लागलं पाहिजे आणि डिस्चार्ज पाइप चांगला गरम. पोट गार आणि घाम आलेलं असेल तर लिक्विड अजून परत येतंय: गॅस जास्त झाला, नाहीतर इनडोरची जाळी तुंबली, नाहीतर ब्लोअर मंद आहे.

प्रत्येक आवाज लिक्विडचा नसतो

स्टार्ट घेताना नुसता गुंगुं आवाज येतो आणि काही सेकंदांत ओव्हरलोड (मोटर जळू नये म्हणून सप्लाय तोडणारा स्विच) तुटतो, तर मोटर फिरलीच नाही. कपॅसिटर तपासा, लोहार चाळीतून नवीन आणायला फार पैसे पडत नाहीत. आउटडोरच्या टर्मिनलवर स्टार्टच्या क्षणी व्होल्टेज मोजा. जुन्या चाळींत मीटरपासून एसीपर्यंत बारीक वायर ओढलेली असते, लोड आल्यावर २३० चे भलतेच काही उरतात. आणि मशीन बंद करून लगेच चालू केलं असेल तर दोन्ही बाजूंचा दाब अजून समान झालेला नसतो, तीन मिनिटं तरी द्यायलाच हवीत.

तीन फेजचा स्क्रोल गॅस भरल्यावर मोठ्याने घरघरतोय, अ‍ॅम्पियर कमी आहेत आणि दोन्ही काटे हलत नाहीत, तर तो उलटा फिरतोय. इमारतीच्या केबलचं किंवा पॅनेलचं काम झालं की हे हमखास होतं. दोन फेज अदलाबदल केल्या की काम झालं. याला लिक्विडचा आवाज समजून गॅस काढून टाकणारे महाभाग आहेत.

सोमवार सकाळचं दुखणं

ऑफिसांमध्ये गॅस न भरताही हाच प्रकार दर आठवड्याला होतो. मोठ्या कॉम्प्रेसरला क्रँककेस हीटर असतो, तळाशी गुंडाळलेला साधारण ६०-९० वॉटचा पट्टा. त्याचं काम एवढंच की मशीन बंद असताना ऑइल आजूबाजूपेक्षा उबदार ठेवायचं, म्हणजे लिक्विड त्यात येऊन बसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी वीज वाचवायला वॉचमन मेन स्विचच पाडतो. हीटर दोन दिवस गार. सोमवारी नऊ वाजता सगळ्या मशीन एकदम चालू, आणि टेरेसवरून खडखड. लोअर परळ असो की अंधेरी, वॉचमनला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. रिमोटने बंद करा, मेन चालू राहू द्या, आणि पॅनेलवर मराठी-हिंदीत मोठी पाटी लावा.

अशा मशीनमध्ये नवीन गॅस लिक्विडने भरला असेल तर हीटर आदल्या रात्रीपासून चालू हवा. तेवढा वेळ नसेल आणि मालक डोक्यावर उभा असेल, तर तीन फेजच्या मशीनला एक-दोन सेकंदांचे झटके देऊन पाच मिनिटं थांबायचं, असं तीन-चार वेळा करायचं. घरगुती सिंगल फेजला हे करू नका. प्रत्येक झटक्याला वाइंडिंग तापतं, आणि कपॅसिटर व ओव्हरलोडवरही ताण येतो. जुन्या सेमी-हर्मेटिक (बोल्ट काढून उघडता येणाऱ्या) मशीनला सक्शनचा व्हॉल्व्ह असेल तर तो जवळजवळ बंद ठेवून स्टार्ट द्या आणि कान लावून थोडा थोडा उघडा.

गाडीचा एसी

इथे एक सोय आहे जी घरच्या एसीत नाही: कॉम्प्रेसर हाताने फिरवता येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिस्त्री हे न विसरता करतात, नवे गॅस भरायच्या मशीनवर भरवसा ठेवतात.

इंजिन बंद, चावी खिशात. आर-१३४ए लिक्विड हाय साइडने भरून झालं की हाय साइडचा व्हॉल्व्ह बंद करा. मग क्लचच्या पुढची चकती, म्हणजे हब, हाताने फिरवा. पट्टा ज्यावर चालतो ती पुली नाही. ती तर इंजिनला बांधलेली. गाडी चालताना कॉम्प्रेसर ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला, सावकाश, किमान दहा फेऱ्या. एका फेरीत प्रत्येक पिस्टन एकदा पुढे-मागे होतो, त्यामुळे आत साठलेलं लिक्विड डिस्चार्जमध्ये ढकललं जातं. सुरुवातीला जड लागतं, मग मोकळं होतं. जड लागलं म्हणून पाना लावून जोर करू नका, थांबा आणि परत बघा. दहा-बारा फेऱ्यांनंतरही दर फेरीला त्याच जागी अडकत असेल तर ते लिक्विड नव्हे, आत काहीतरी मोडलंय.

हब मोकळा फिरला की एसीचं बटण बंद ठेवून इंजिन आयडलवर सुरू करा, ब्लोअर फुल, काचा खाली, आणि मग क्लच काही सेकंद लावून सोडा. आवाज स्वच्छ असेल तर चालू ठेवा. उरलेला गॅस लो साइडने (सक्शनकडून), वाफेच्या रूपात, गॅसचा डबा उभा धरून. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह डब्याकडे कधीच उघडायचा नाही. कॉम्प्रेसरचा दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटतो.

आता बऱ्याच गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर येतो, त्याचा हब पट्ट्याबरोबरच फिरतो. तिथे दोनच उपाय: लिक्विड फक्त हाय साइडने आणि मोजून, आणि स्टार्टआधी दहा-पंधरा मिनिटांची वाट. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीच्या कॉम्प्रेसरला हातच लावू नका. नारिंगी केबलमध्ये जीवघेणं व्होल्टेज असतं, आणि त्याला ऑइलही वेगळं लागतं. नेहमीचं पॅग ऑइल गेलं तर इन्सुलेशन जातं.

हात आणि डोळे

आर-४१०ए आणि आर-३२ उणे ५१ अंशांच्या आसपास उकळतात, आर-१३४ए उणे २६ ला. लिक्विड बोटांवर पडलं तर कातडी गोठते. चष्मा आणि हातमोजे घालून काम करणाऱ्या मेकॅनिकला कुणी हसलं तर हसू द्या. लिक्विडने भरलेली नळी दोन्ही टोकांना बंद करून उन्हात टाकू नका. तापलेल्या लिक्विडला पसरायला जागाच नसते, नळी फाटते. बाटली ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. आणि बाराव्या मजल्यावरच्या ब्रॅकेटवर वाकून फडकं धरताना सेफ्टी पट्टा बांधा, मालक कितीही घाई करो.

खडखड होऊन गेलीच असेल तर

मशीन सुरळीत चाललं म्हणून घरी जाऊ नका. अर्धा तास चालवून अ‍ॅम्पियर नेमप्लेटशी ताडून बघा. सक्शन आणि डिस्चार्जमधला फरक नेहमीइतका पडतोय का ते बघा. मग बंद करा: दाब क्षणात समान झाला तर व्हॉल्व्हचं पातं गेलेलं असू शकतं. फक्त यात विस्तार व्हॉल्व्ह (लिक्विडचा दाब उतरवून ते इनडोर कॉइलमध्ये सोडणारा भाग) कुठल्या प्रकारचा आहे ते लक्षात घ्या. त्याजागी कॅपिलरी, म्हणजे नुसती बारीक नळी, असेल तर दाब तसाही दोन-तीन मिनिटांत समान होतोच.

कॉम्प्रेसर बदलायची वेळ आली तर जुना काढल्यावर त्यातलं ऑइल पांढऱ्या कपात ओता. काळं आणि जळका वास असेल तर वाइंडिंग गेलं, पाइपलाइन फ्लश करून फिल्टर ड्रायर नवीन टाकावा लागेल. ऑइल स्वच्छ पण चमचमणारे कण असतील तर बेअरिंग घासलं. आणि कपात ऑइल जेमतेमच निघालं, तर बाकीचं कॉइलमध्ये बसलंय. नवीन कॉम्प्रेसर त्याच्या कारखान्यातल्या ऑइलसकट बसवण्याआधी ते नायट्रोजनने बाहेर काढा, नाहीतर नव्या कॉम्प्रेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त ऑइल जमा होईल आणि पहिल्याच आठवड्यात तुम्हाला परत फोन येईल.